‘महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना काहीही गोड लागतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांच्यावरच्या माझ्या लेखावर पुण्याहून एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये या जोडीने जे केलं ते मराठी टीव्हीवर इतर कुठल्या जोडीला जमलेलं नाही, असं मी लिहिलं होतं. वाचकांचं म्हणणं असं : विशाखाताई सतत वरच्या पट्टीत ओरडतात, समीरदादा नुसते हातपाय वाकडे करतात, जाडेपणावरचे विनोद, नवराबायकोची तीच भांडणं, आणि परीक्षक हसले की आपणही हसायचं. शेवटी एक वाक्य : “महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना मराठी कानावर पडलं की काहीही गोड लागतं.”

पटलेलं आधी सांगते. परीक्षकांच्या हसण्याचे शॉट फार आहेत. समीरदादांच्या चेहऱ्यावर काहीतरी घडत असतं आणि नेमका तेव्हाच कॅमेरा सई ताम्हणकर, प्रसाद ओक यांच्याकडे वळतो. मलाही ते खटकतं. पण तो संकलनाचा दोष आहे, त्यासाठी नटांना बोल लावू नका.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन्ही वेळा बाकीचं सगळं मागे पडलं आणि ते वाक्य तेवढं टोचत राहिलं.

‘महाराष्ट्राबाहेर राहणारे’ म्हणजे तुम्हाला कोण वाटतात? नोकरीसाठी बॅगा भरून परक्या गावी आलेले आणि मराठीसाठी आसुसलेले लोक? आमची घरं इंदूरमध्ये होळकरांच्या काळापासून आहेत. १९४८ साली संस्थान मध्य भारतात गेलं, १९५६ साली मध्य प्रदेश झाला. आम्ही जागचे हललो नाही, राज्यांच्या सीमा आमच्याभोवती आखल्या गेल्या. तेव्हा आम्ही मराठीला दुरून बघतो हे मला मान्य नाही.

आणि काहीही गोड लागतं? इथे मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद न्यास या संस्थेचे प्रयोग एकदा येऊन बघा. एकच नाटक वेगवेगळ्या सभासद गटांसाठी लागोपाठ लावतात. विद्यापीठाच्या सभागृहात एका प्रयोगाला ज्या वाक्यावर हशा उसळतो, त्याच वाक्याला दुसऱ्या गटासमोर शांतता पसरलेली मी पाहिली आहे. मुंबईहून आलेली, नाव झालेल्या नटांची नाटकं इथे आपटलेली पाहिली आहेत. मध्यंतरात लोक चहा घेतात आणि परत आत न जाता सरळ पार्किंगकडे वळतात. तीही मराठीच नाटकं होती. गोड लागली नाहीत.

शिवाय आमचा कान फक्त मराठीवर पोसलेला नाही. शरद जोशी (शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंग्यकार) जन्माने उज्जैनचे, आमच्या माळव्याचे. १९८४ साली दूरदर्शनवर आलेली ‘ये जो है जिंदगी’ त्यांनीच लिहिली होती. उज्जैनला १ एप्रिलला टेपा संमेलन भरतं, तिथे भल्याभल्यांची टोपी उडवतात आणि ते समोर बसून ऐकून घेतात. असल्या मुलखात वाढलेल्या माणसाला विनोद कळत नाही, मराठी शब्द ऐकून तो नुसता विरघळतो, असं तुम्ही एका ओळीत ठरवून टाकता. हा आगाऊपणा आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

माझं स्वतःचं सांगते, कारण तुम्ही माझ्या कळण्यावरच बोट ठेवलं आहे. मी इंदूरच्या रामबागेत वाढले. गणेशोत्सवातल्या नाटुकल्यांत माझी थोरली बहीण हशा घ्यायची आणि मी तिला वाक्यं पुरवायची. टाळ्या तिला मिळायच्या. पण हशा ओसरायच्या आत मी पुढचं वाक्य टाकलं तर ते बुडायचं, उशीर केला तर प्रेक्षक थंड व्हायचे. तो मधला क्षण धरायला मी तिथे शिकले. म्हणून विशाखाताईंना बघताना मला आवाजाच्या आधी त्यांचं थांबणं दिसतं. त्या वरच्या पट्टीत जातात तेव्हा समीरदादांना कोसळायला जागा करून देतात. त्यांची ती सलग झाडाझडती चालू असताना ते आधी मानेने, मग खांद्याने, मग गुडघ्याने खचत जातात. दोघांपैकी एकानेही घाई केली तर त्यातलं काही उरणार नाही. आणि मधेच हे उलटतं : त्या गप्प होतात, बघत राहतात, आणि सगळा पसारा ते एकटे ओढतात. कोण देतंय आणि कोण घेतंय हे एकाच स्किटमध्ये दोन-तीनदा बदलतं. तुम्हाला यात ओरडणं आणि वाकडे हातपाय एवढंच दिसत असेल तर मी काय करू?

२०२२ मध्ये विशाखाताई कार्यक्रमातून बाहेर पडल्या. त्यानंतर समीरदादांनी इतरांबरोबर चांगली कामं केली, ती मी आवडीने बघते. पण पूर्वी त्या ज्याची तयारी करून द्यायच्या, ते बऱ्याचदा आता त्यांना स्वतःच रचून स्वतःच फोडावं लागतं. जोडी म्हणजे काय ते मला तेव्हा जास्त दिसलं.

जाडेपणावरच्या विनोदांचं म्हणाल, तर ती वाक्यं बहुतेकदा विशाखाताईच फेकतात आणि हशाही त्याच घेतात. त्यापलीकडे मला त्यात शिरायचं नाही. नवराबायकोच्या भांडणांचं म्हणाल, तर ती मराठी रंगभूमीवर कधी नव्हती? आवडत नसेल तर बघू नका, रिमोट तुमच्या हातात आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिलंत तर तेही छापीन. फक्त एखादं स्किट घ्या, ते कुठे फसलं, कोणत्या वाक्याला, कोणामुळे, ते लिहा. मी कुठे राहते यावर आता एक अक्षरही नको.