60 अक्षरांचा नियम मराठी पानाला लागू नाही

मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांच्या गटांत एक सल्ला वर्षानुवर्षे एकमेकांना पाठवला जातो आहे: पानाचे शीर्षक (शोधाच्या निकालांत दिसावी म्हणून पानाला दिलेली नावाची ओळ) 60 अक्षरांत बसवा, कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात तो शब्द) त्यात तीन-चारदा आणा आणि शीर्षक रोमन लिपीत लिहा, म्हणजे पान गूगलवर वर येईल. हे तिन्ही मुद्दे मला चुकीचे वाटतात आणि तिसरा तर मराठीला थेट मारक वाटतो.

शीर्षकाच्या लांबीला मर्यादा नाही, असे गूगलच्याच मार्गदर्शनात म्हटले आहे. निकालांच्या यादीत जागा अपुरी पडली तर शेपूट कापले जाते, आणि ती जागा पडद्याच्या रुंदीवर ठरते. इंग्रजीपुरता 60 हा आकडा अंदाज म्हणून चालून जातो, पण तो 60 'कॅरेक्टर'चा आहे आणि कॅरेक्टर म्हणजे आपले अक्षर नव्हे. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द पाहा. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरे दिसतात. मोजणीचे साधन मात्र ज, पाय मोडल्याची खूण, ञ, काना असे एकेक सुटे करत 11 पर्यंत पोहोचते. त्या आकड्याला भिऊन पडद्यावर सहज मावणारा नेमका शब्द गाळणे हा निव्वळ तोटा आहे. महत्त्वाचा शब्द सुरुवातीला असावा, एवढे मात्र मान्य करायला हवे, कारण कात्री शेवटाला लागते.

'पुरणपोळी, पुरणपोळी रेसिपी, पुरणपोळी कशी करावी, मराठी पुरणपोळी' या शीर्षकात चारदा एकच गोष्ट सांगितली आहे. अशी शब्दांची भरताड टाळा, असे गूगल स्पष्ट सांगते. 'पुरणपोळी: पुरण सैल झाल्यास काय करावे' हे शीर्षक कीवर्ड एकदाच घेते आणि स्वयंपाकघरात अडलेल्या माणसाला हे पान आपल्यासाठीच आहे हे कळते.

लोक मराठी शब्दही रोमन लिपीत टाइप करतात, हे तिसऱ्या मुद्द्यामागचे निरीक्षण खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. आपण लिहिलेले शीर्षक यादीत जसेच्या तसे दिसेलच असे नसते. सप्टेंबर 2021 मध्ये गूगलने स्वतः सांगितले होते की सुमारे 87 टक्के वेळा लेखकाचे शीर्षक वापरले जाते. उरलेल्या वेळी पानावरचा ठळक मथळा किंवा दुसरा मजकूर उचलला जातो. जून 2022 मध्ये त्यात आणखी एक सुधारणा जाहीर झाली: शीर्षकाची भाषा किंवा लिपी पानाच्या मुख्य मजकुराशी जुळत नसेल, तर ते बदलले जाऊ शकते. म्हणजे देवनागरी लेखावर रोमन शीर्षक चढवणारा माणूस आपले शीर्षक ठरवण्याचा हक्क आपल्याच हाताने सोडून देतो. रोमन अक्षरे हवीच असतील तर ती पानाच्या पत्त्यात ठेवायला काहीच हरकत नाही. शीर्षक मात्र लेखाच्याच लिपीत असू द्यावे.