व्हॅनिलाच्या वासावरून वाइनची प्रत ठरवू नका

‘इटालियन रेड घ्यायची तर ओकच्या पिंपात मुरलेलीच घ्या. बिनओकची म्हणजे स्वस्तातली, टिकतही नाही. व्हॅनिलाचा वास आला की समजा, उंची माल.’ हा सल्ला सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

आधी वासाचं बघू. तो द्राक्षाचा नव्हे, लाकडाचा. पिंप तयार करताना ते आतून आगीवर भाजतात. व्हॅनिला, लवंग, धूर हे सगळं तिथून येतं. तीन-चार हंगामांनी तेच पिंप वाइनला फारसा वास देत नाही. शिवाय 2006 पासून युरोपीय संघाने वाइनमध्ये ओकचे तुकडे टाकायला परवानगी दिली आहे. म्हणजे पिंपाचा खर्च न करताही हा वास आणता येतो.

‘ओकमध्ये मुरलेली’ म्हणजे तरी काय? बारोलो या नामांकित इटालियन रेड वाइनला नियमाने किमान 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले 18 लाकडात. पण लाकूड नवं की जुनं, पिंप केवढं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. 225 लिटरच्या ‘बारिक’ या लहान पिंपाच्या तुलनेत 5000 लिटरच्या जुन्या ‘बोत्ती’त, म्हणजे मोठ्या पिंपात, लिटरमागे लाकडाचा स्पर्श जेमतेम एक तृतीयांश. यावरून बारोलोच्या मुलखात, इटलीतल्या पिएमाँतमध्ये, घरं फुटली. 1983 मध्ये बारिकच्या बाजूचे वाइन उत्पादक एलिओ आल्तारे यांनी वडिलांची मोठी पिंपं करवतीने कापून काढली. उलट बारोलो करणारे बार्तोलो मास्कारेल्लो यांनी लेबलवरच लिहिलं, ‘बारिक नको, बर्लुस्कोनी (इटलीतले राजकीय नेते) नको’. बार्तोलोंच्या बारोलोत व्हॅनिला शोधून सापडायचा नाही. ती हलकी म्हणायची का?

राहिला टिकण्याचा मुद्दा. इटलीतल्याच आब्रुत्सो प्रांतातले वाइन उत्पादक एमिदियो पेपे 1964 पासून मोंतेपुल्चानो द्राक्षाची वाइन काचेचं अस्तर लावलेल्या सिमेंटच्या टाक्यांत आणि पुढे बाटलीत मुरवत आले. लाकूड नाहीच. त्यांच्या कित्येक दशकं जुन्या बाटल्या आजही आवडीने उघडल्या जातात. वाइन टिकते ती आंबटपणावर, सालीबियांतल्या तुरटपणावर आणि नीट राखलेल्या बाटलीवर.

लाकूड वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. पिंपातून झिरपणाऱ्या हवेने नेब्बिओलोचा, म्हणजे बारोलोच्या द्राक्षाचा, कडक तुरटपणा खरंच मऊ होतो. बार्बेरा या द्राक्षाला तर स्वतःचा तुरटपणाच कमी, तो लाकडातून मिळतो. वाइन उत्पादक जाकोमो बोलोन्या यांनी बार्बेराचं 1982 चं पीक बारिकमध्ये घालून त्या द्राक्षाचं नशीब पालटलं. दोल्चेत्तो या द्राक्षाला बहुतेक वेळा लाकडाची गरजच पडत नाही. म्हणून दुकानात विचारायचंच असेल तर द्राक्ष कोणतं, पिंप केवढं आणि नवं की जुनं, हे विचारा.