नऊ पिनांचा हट्ट

आमच्या सोसायटीत अठ्ठावीस फ्लॅट आहेत आणि मी खजिनदार आहे. कशी झाले ते विचारू नका. जनरल बॉडीला दहा मिनिटं उशिरा पोचले एवढाच माझा गुन्हा, दार उघडून आत गेले तर टाळ्या वाजत होत्या, मला वाटलं कुणाचा तरी सत्कार चाललाय म्हणून मीही वाजवल्या.

तर खजिनदारकीसोबत एक कपाटाची किल्ली, एक कॉम्प्युटर आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असा संसार माझ्या ताब्यात आला. प्रिंटर म्हणजे नऊ पिनांचा, ऐंशी कॉलमचा, पूर्वी कधीतरी पांढरा असलेला. दर तीन महिन्यांनी तो मेंटेनन्सची बिलं काढतो आणि तेव्हा जो काही आवाज करतो तो सात मजल्यांना ऐकू जातो. सातव्या मजल्यावरचे आजोबा तर आवाज ऐकूनच चेकबुक शोधायला लागतात. त्यांना व्हॉट्सॲपवर कितीही मेसेज टाका, वाचत नाहीत, पण किर्रर्र खट्, किर्रर्र खट् ऐकू आलं की खाली फोन करतात, "बिलं निघाली वाटतं?"

आता तुम्ही म्हणाल लेझर प्रिंटर घ्या की. कमिटीतल्या एका तरुण मेंबरनेही हेच म्हटलं होतं. पण आमचं बिल तीन कॉपीत असतं, पांढरी मेंबरला, गुलाबी ऑफिसला, पिवळी ऑडिटरला, आणि या प्रिंटरच्या पिना रिबनवर अक्षरशः ठोसे मारतात म्हणून एका फटक्यात तिन्ही कागदांवर उमटतं. लेझर कागदाला ठोसा मारत नाही, तो वरच्या कागदावर पावडर भाजतो, खालच्या दोघांना पत्ताही लागत नाही. शिवाय मागच्या खजिनदारांनी छापून घेतलेल्या कोऱ्या बिलांचे, म्हणजे त्या भोकांच्या पट्ट्यावाल्या सलग कागदाचे, चार खोके अजून माळ्यावर आहेत. ते संपेपर्यंत प्रिंटर बदलायचा नाही असा ठराव आहे. ठरावाला सूचक आणि अनुमोदक दोघंही आता अमेरिकेत मुलांकडे असतात, पण ठराव ठराव असतो.

बिलं बनवणारा प्रोग्राम डॉसमधल्या फॉक्सप्रोचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातला. कुणा मेंबरच्या मेव्हण्याने लिहिलेला. निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, माउसला प्रवेश नाही. थकबाकीवर व्याज, सिंकिंग फंड, पार्किंग, सगळं अचूक काढतो, फक्त त्याला हात लावायचा नाही असं मला किल्ली देताना सांगितलं होतं, अगदी व्रत देतात तसं.

मी नव्हतेच लावणार. पण कॉम्प्युटरवर होतं विंडोज सेव्हन, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलेला, आणि २०२३ मध्ये क्रोमच्या नव्या आवृत्त्याही त्याच्यावर चालेनाशा झाल्या, म्हणजे सोसायटीचं बँक खातं उघडायला गेलं की दर वेळी वॉर्निंग. सेक्रेटरीकाका म्हणाले, "तुमचा तो भाचा कॉम्प्युटरमधलाच आहे ना?" आहे. कॉम्प्युटरमधला म्हणजे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

भाचा आला, चहा प्याला, पेन ड्राइव्ह लावला आणि दोन तासांत विंडोज टेन घालून दिलं. "मावशी, आधी ३२ बिट होतं, मी ६४ टाकलंय. दुप्पट." मला काय, दुप्पट म्हटल्यावर मी खूश, भाजी दुप्पट आणली असती तर विचारलं असतं कशाला. डेटा त्याने आधी काढून ठेवला होता एवढी अक्कल त्याला होती, कारण ३२ वरून ६४ वर जाताना वरच्यावर अपग्रेड होतच नाही, सगळं पुसून नव्याने घालावं लागतं.

मग मी बिलाच्या प्रोग्रामवर डबल क्लिक केलं. एक पट्टी आली, धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी. म्हणजे सोसायटीच्या पीसीवर सोसायटीचा प्रोग्राम चालणार नाही, आणि हे मला सांगतोय कोण तर काल आलेला भाडेकरू.

भाच्याने गुगल केलं. झालं असं की डॉसचे जुने प्रोग्राम चालवायला ३२ बिट विंडोजमध्ये एक वेगळा कोपरा असतो, विंडोज टेनच्या ३२ बिटमध्येसुद्धा तो कोपरा मागून घेता येतो, पण ६४ बिटमध्ये तो ठेवलेलाच नाही. तेव्हा भाच्याने ती दुप्पट केली नसती तर बिलं तशीच निघाली असती. हे त्याने मला लगेच सांगितलं नाही हां, आठवड्याने सांगितलं, तेही माझ्या हातात लाटणं नाही हे बघून. परत ३२ घाल म्हटलं तर म्हणे आता सगळं सेट झालंय आणि विंडोज इलेव्हन तर ३२ मध्ये येतच नाही, मग आत्ताच सवय केलेली बरी. सवय कुणी करायची, तर मी.

मग त्याने वीडॉस नावाचा एक प्रोग्राम शोधून आणला, जो ६४ बिट विंडोजच्या पोटात खोटं खोटं डॉस तयार करतो, खास असल्या जुन्या हिशोबी प्रोग्रामांसाठीच. आणि खरंच, निळी स्क्रीन आली! पिवळी अक्षरं आली! मला भरून आलं. इतकी वर्षं ज्या स्क्रीनला मी शिव्या दिल्या ती परत आल्यावर सासरी गेलेली मुलगी दिवाळीला आल्यासारखं वाटलं.

आता प्रिंटर. तो कॉम्प्युटरला जोडलाय जाडजूड केबलने, मागे गुलाबीसर रंगाचं पंचवीस भोकांचं लांबट सॉकेट असतं ना, त्याला. कॉम्प्युटरच्या भाषेत एलपीटी वन. विंडोजला प्रिंटर दिसेना. केबल काढली, लावली, फुंकर मारली, परत लावली. प्रिंटर बंद-चालू केला. सेल्फ टेस्ट काढली तर प्रिंटर स्वतःपुरता ठणठणीत, पानभर एबीसीडी छापून मोकळा. सेक्रेटरीकाका येऊन म्हणाले केबल जुनी झाली असेल, दुसरे एक काका म्हणाले उंदराने कुरतडली असेल, वॉचमन म्हणाला मॅडम अर्थिंग बघा. हा वॉचमन गिझरपासून लिफ्टपर्यंत सगळ्याला अर्थिंगच बघायला सांगतो आणि वाईट म्हणजे निम्म्या वेळा बरोबर निघतो.

या वेळी नव्हता. तीन तासांनी कळलं की विंडोज घालताना पेन ड्राइव्हवरून चालू होईना म्हणून भाच्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन सगळं मूळपदावर आणलं होतं, आणि त्या मूळपदात ऑनबोर्ड पॅरलल पोर्ट, म्हणजे तेच पंचवीस भोकांचं सॉकेट, होतं डिसेबल्ड. मी फक्त त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मावशी, भूक लागलीये का तुला?"

पोर्ट उघडलं, आता ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि प्रिंटरमधला दुभाषा. आमच्या मॉडेलचा ड्रायव्हर प्रिंटर बनवणाऱ्यांनी सेव्हनपर्यंतच दिलेला, पुढे त्यांच्या लेखी हा प्रिंटर कैलासवासी. विंडोजच्या यादीत बघितलं तर नाव नाही. मग भाच्याने जेनेरिक टेक्स्ट ओन्ली नावाचा ड्रायव्हर लावला. हा म्हणजे कुठल्याही प्रिंटरला चालतो, गावातल्या त्या माणसासारखा जो कुणाच्याही लग्नात वाढायला उभा राहतो. अक्षरं पाठवतो, बास. इंग्रजीत टेस्ट केलं, छापलं. किर्रर्र खट्! वरून लगेच आजोबांचा फोन, "बिलं निघाली वाटतं?" म्हटलं नाही आजोबा, टेस्टिंग आहे. "कशाचं टेस्टिंग?" आता काय सांगू.

त्याच उत्साहात सेक्रेटरीकाकांनी टाकी साफसफाईची मराठी नोटीस छापायला दिली. ती टाइप केली, प्रिंट दिलं, ते घाईत होते, कागद फाडून लिफ्टशेजारी चिकटवून गेले. संध्याकाळी दोनतीन जण विचारायला आले की सोसायटीचं म्हणणं नक्की काय आहे. जाऊन बघितलं तर पूर्ण पानभर प्रश्नचिन्हं. टेक्स्ट ओन्लीला देवनागरी कळत नाही, जे अक्षर कळत नाही तिथे तो प्रश्नचिन्ह टाकतो. खाली सही आणि सोसायटीचा शिक्का. दुसऱ्या मजल्यावरची वहिनी म्हणाली, "मला वाटलं लिफ्टच्या खर्चाबद्दल कमिटीलाच शेवटी प्रश्न पडले."

म्हणून मग जेनेरिक काढून भाच्याने त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका नऊ पिनांच्या मॉडेलचा ड्रायव्हर लावला. यादीत विंडोज अपडेट म्हणून एक बटण असतं, ते दाबलं की यादी लांबते, पण लांबायला इतका वेळ घेते की दरम्यान मी वरण-भाताचा कुकर लावून आले. त्यात हा सापडला. चुलतभाऊ म्हणायचा, घराण्याच्या सवयी त्याच. या ड्रायव्हरने मराठी चित्र काढल्यासारखी छापते, एकेक ओळ पिना चारचारदा फिरवून, एका नोटिशीला दोन मिनिटं, पण छापते. प्रश्न सुटले.

बिलाचा घोळ पुढेच होता. पहिलं बिल छान आलं आणि मग प्रिंटरने पाच इंच कोरा कागद सोडला. मग दुसरं बिल, तेही दुसऱ्याच जागी. आमचं बिल सहा इंच उंच, विंडोजला मात्र वाटतं की जगातला प्रत्येक कागद अकरा इंची. फॉक्सप्रोच्या प्रोग्राममध्ये त्या मेव्हण्याने हे एका ओळीत मिटवून ठेवलं होतं, इंचाला सहा ओळी, बिलाला छत्तीस ओळी, ते छत्तीस प्रिंटरला सुरुवातीलाच सांगायचे की झालं. पण आता मधे वीडॉस, त्याच्यापुढे विंडोज, त्याच्यापुढे चुलतभाऊ, इतक्या मध्यस्थांतून जाताना ते छत्तीस कुठेतरी गळून पडले. सरकारी अनुदानासारखं.

विंडोजमध्ये आपल्या मापाचा कागद बनवता येतो, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये लपवून ठेवलंय ते. भाच्याने फोनवरच विचारलं किती, मी म्हटलं सहा इंच, त्याने रिमोटने माप भरलं, सेंटीमीटरमध्ये. तीन बिलं काढून बघितली, अगदी चौकटीत. मी टाळ्या वाजवल्या (या वेळी कारण माहीत असून) आणि सगळी अठ्ठावीस बिलं एका दमात काढली. किर्रर्र खट्, किर्रर्र खट्, काय तो आवाज! पट्ट्या फाडल्या, कॉप्या वेगळ्या केल्या, वॉचमनला वाटायला दिल्या, रात्री शांत झोपले.

सकाळी साडेसातला पाचव्या मजल्यावरून पहिला फोन. "अहो, माझ्या बिलात एकूण रकमेच्या रकान्यात शेजाऱ्यांचं नाव आलंय." म्हटलं बघते. मग दुसरा, त्यांच्या सिंकिंग फंडाच्या जागी पार्किंग. सहाव्या मजल्यावर पार्किंगच्या जागी व्याज, आणि त्यांच्याकडे गाडीही नाही आणि थकबाकीही नाही, त्यामुळे ते विशेष संतापलेले. पहिल्या मजल्याची काहीच तक्रार नाही, दुसऱ्याची किरकोळ, जसजसं वर जावं तसतशी अक्षरं चौकटी सोडून वर चढलेली. मी ऑफिस कॉप्या ओळीने जमिनीवर मांडल्या आणि पट्टी घेऊन बसले. प्रत्येक बिल आधीच्यापेक्षा किंचित वर. दोन-अडीच मिलिमीटर.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सातव्या मजल्यावरचे आजोबा, फ्लॅट ७०४, म्हणजे शेवटचं बिल. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी कॉपी आणि चेक. त्यांच्या बिलात एकूण रक्कम साडेसहा सेंटीमीटर वर जाऊन बसलेली आणि त्यांच्या पुढे कुणाचं बिलच नसल्यामुळे खालचा रकाना मोकळा.

"एकूण रकमेची जागा कोरी आहे," आजोबा म्हणाले, "म्हणून चेकही कोराच आणलाय. सही केली आहे."

त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन भाच्याला फोन लावला.

"सहा इंचाचे किती सेंटीमीटर घातलेस रे?"

"पंधरा."

"पंधरा पॉइंट चोवीस होतात."

"हो, पण मावशी, पॉइंट चोवीसने काय असा फरक पडतो?"

"सातव्या मजल्यावर पडतो," म्हटलं.