पाटीवरचं पद मंजूर कोण करतं?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा, निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाहीतर घरी बसायचं. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हापासून दुसरा विषय नाही, कारण माझी वहिनी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "भावजी, तुमच्या न्यू जर्सीत तर शिक्षकांची परीक्षाच काढून टाकली म्हणे. आम्हीच काय पाप केलंय?"

मी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. फॉरवर्ड अर्धाच खरा होता. वाचन, लेखन आणि गणित यांची जी प्राथमिक चाचणी इथे सर्टिफिकेटसाठी लागायची, ती १ जानेवारी २०२५ पासून गेली. पदवी, विषयाची परीक्षा, प्रशिक्षण या अटी राहिल्या. पण वहिनीचा राग मला पटतो. वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला नव्या उमेदवारांच्या रांगेत उभं करून गुणवत्ता कशी वाढणार, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तरीही गावाकडचा सगळा वाद "परीक्षा हवी की नको" एवढ्यावरच अडकलाय, हे इथून बघताना खटकतं. कोण कुठल्या पदावर बसलंय, त्या पदाला काय पात्रता लागते आणि ती आहे की नाही हे कुणी तपासलं, हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

न्यू जर्सीत स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे बहुतेक वेळा एका गावाच्या शाळा. असे सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेकांचं बोर्ड, म्हणजे शिक्षण मंडळ, लोकांनी निवडून दिलेलं. बोर्डाला वाटेल ते पद काढता येत नाही. शिक्षक, सुपरवायझर, प्रिन्सिपल अशी पदनामं राज्याच्या नियमांत ठरलेली आहेत आणि प्रत्येकाला कुठलं सर्टिफिकेट लागतं तेही. त्याबाहेरचं नाव द्यायचं असेल, तर नेमणुकीच्या आधी कामाचा सविस्तर तपशील जोडून काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शिक्षण अधिकाऱ्याकडे लेखी परवानगी मागायची. या पदाला कुठलं सर्टिफिकेट हवं, हे तो ठरवतो. शिवाय अशा यादीबाहेरच्या पदनामांचा दरवर्षी पुन्हा आढावा घ्यायचा असतो. इतकी कटकट का, तर नोकरकपात आली की ज्येष्ठता पदनामावरून मोजली जाते, आणि शिक्षकाचं मूल्यमापन करणाऱ्याकडे त्या कामाचं सर्टिफिकेट असावं लागतं.

आमच्या बोर्डाच्या एका बैठकीत हे डोळ्यांदेखत पाहिलं. अजेंड्याच्या मागे नेमणुकांचा तक्ता असतो. नाव, पद, शाळा, पगार, कुणाच्या जागी, कधीपासून, असे रकाने. त्यात एक "डायरेक्टर ऑफ स्टुडंट सक्सेस" होता. (इथेही भारदस्त नावांची हौस काही कमी नाही.) लोकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. एक निवृत्त शिक्षिका माइकपाशी गेल्या आणि एवढंच विचारलं, "या पदाला काउंटीची मंजुरी आहे का? आणि सर्टिफिकेट कुठलं लागणार?" सुपरिटेंडंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याने, एचआरकडे पाहिलं, एचआरवाल्याने कागद चाळले. तो ठराव त्या रात्री मागे घेतला गेला. पुढच्या महिन्यात तोच माणूस साधा सुपरवायझर होऊन तक्त्यात आला.

त्या बाईंच्या हाताशी कायदाही होता. २००२ पासून लागू असलेल्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्यानुसार सरकारी कर्मचाऱ्याची फाइल बंद असते, पण नाव, पद, पगार, सेवाकाळ आणि नोकरीसाठी आवश्यक शिक्षण त्याच्याकडे आहे हे दाखवणारी माहिती खुली असते. अर्ज करा, साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर यायला हवं.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. फ्रीहोल्डच्या एका हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये सुपरिटेंडंटसह काही वरिष्ठांनी मान्यता नसलेल्या संस्थेकडून डॉक्टरेट घेतल्या, फी डिस्ट्रिक्टने भरली आणि वर पगारवाढही मिळाली. २००८ मध्ये हे बाहेर आलं. २०१० मध्ये कायदा झाला की मान्यताप्राप्त संस्था नसेल तर फीही नाही आणि वाढही नाही. काउंटीची मंजुरी पुष्कळदा नुसत्या शिक्क्यासारखी मिळते, असंही शिक्षक बोलतात. पण निदान शिक्का कुणी मारला हे विचारता येतं.

आता आपल्याकडचं बघा. २००० साली सरकारने "शिक्षण सेवक" काढला. काम पूर्ण शिक्षकाचं, पण प्राथमिकला महिना ३,००० रुपये आणि तेही तीन वर्षं. २०२३ पासून हे मानधन १६,००० झालं, पदनाम मात्र तेच. दुसरीकडे प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी केंद्रप्रमुख, प्रभारी गटशिक्षणाधिकारी. "प्रभारी" लावलं की पात्रता, ज्येष्ठता, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम) सगळं बाजूला ठेवता येतं, आणि हा तात्पुरता भार वर्षानुवर्षं उतरत नाही. वहिनीच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, हेच चाललंय. तिला ते खुपतं, पण संघटनेच्या निवेदनात त्याला जागा नसते.

आणि कागदावर तपासणी करणारे कमी आहेत का? संच मान्यतेत शाळेला पटानुसार किती पदं ते ठरतं, नेमलेल्या शिक्षकाला वैयक्तिक मान्यता शिक्षणाधिकारी देतो, मग शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीचा आयडी मिळतो आणि पगार सुरू होतो. तरी २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीवर पगार उचलल्याचं प्रकरण निघालं आणि शिक्षण खात्यातल्याच वरिष्ठांना अटक झाली. त्याआधी २०२१ मध्ये टीईटीच्या गुणांचाच बाजार मांडला होता, त्यात ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेचे आजी-माजी आयुक्त पकडले गेले. तपासणारे सगळे एकाच खात्यातले आणि तपासणी बंद दाराआड असेल, तर परीक्षा कितीही कडक करा, पैसे देणारा आत येतो आणि वहिनीसारखी बाई पन्नाशीत बालमानसशास्त्राचे प्रश्न घोकत बसते.

संघटनांनी टीईटीविरुद्ध लढावंच. पण सोबत एक मागणी जोडावी. प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक माणसाचं पद, त्या पदाची पात्रता, मान्यतेचा क्रमांक आणि तारीख ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि शाळेच्या फलकावर लावावी. प्रभारी असेल तर कधीपासून, तेही. यातली बरीचशी माहिती खात्याकडे आजही आहे, फक्त ती लॉगिनच्या पलीकडे आहे. वहिनीला हे लिहिलं तर तिचं उत्तर आलं, "फलक लावू हो, पण सही आमच्या प्रभारी साहेबांचीच लागेल."