परवाना ही कटकट नव्हे

स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या तेइदे ज्वालामुखीचा परवाना म्हणजे पर्यटकांना नसती कटकट, हे लेखातलं मत मला पटलं नाही. ३७१५ मीटरचा हा डोंगर १९५४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. केबल कार ३५५५ मीटरवर सोडते. परवाना लागतो तो तिथून माथ्यापर्यंतच्या चढाईला, आणि तो रोज ठरावीक लोकांनाच मिळतो. केबल कारचं तिकीट म्हणजे परवाना नव्हे, हे मात्र लेखात ठळक यायला हवं होतं. लोक तिथेच फसतात.

मी नाशिकचा. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या कातळपायऱ्यांवर चढणारे-उतरणारे समोरासमोर अडकलेले पाहिलेत, पोटात गोळा येतो. अंजनेरीवर तर इथलंच नाव मिळालेली दुर्मीळ कंदीलपुष्प वनस्पती आहे, ती बुटांखाली जाते. इथेही रोजची संख्या ठरवा, मी आनंदाने रांगेत उभा राहीन.