ध्यान करू, पण कधी?

सिस्टरांनी थकवा टाळायला रोज वीस मिनिटं ध्यान करावं, असं एका लेखात वाचलं. करू की! मी 22 वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष अध्यापन (मेडिकल कॉलेजच्या) रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात 3 पेशंटमागे 1 नर्स असा. आमच्याकडे रात्री 40 खाटा, जमिनीवरच्या गाद्यांवरचे पेशंट वेगळे, आणि आम्ही दोघी. एक सलाईन बदलत फिरणार, दुसरी रजिस्टरं भरणार. डबा पहाटे चारला उघडायचा, तोवर भाजी आंबलेली. रिलीव्हर, म्हणजे आपल्याला सोडवणारी पुढची नर्स, आली नाही की पुढची शिफ्टही आपलीच. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाण्याला, आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी जोडलंय. तेव्हा आधी रिकामी पदं भरा. आणि हो, चेंजिंग रूमला आतून कडी तरी बसवा!