एफ नसलेला प्रोसेसरच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ५०,००० रुपयांच्या आसपास गेमिंग आणि मीडिया सर्व्हर (घरातले चित्रपट टीव्हीला पुरवणारे यंत्र) अशा दुहेरी कामाचा पीसी असेंबल करण्यासाठी मी जी यादी दिली होती, तिच्यावरचे आपले आक्षेप थोडक्यात असे : एकाच यंत्रावर ही दोन कामे लादू नयेत, सर्व्हरसाठी ऑफिसांतून निघालेला जुना मिनी पीसी वेगळा घ्यावा, आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड असताना कोअर आय३ १२१००एफ हा (नावातला ‘एफ’ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नसलेला) प्रोसेसर सोडून अंगभूत ग्राफिक्सचा १२१०० सुचवणे म्हणजे दोन-अडीच हजार रुपये पाण्यात घालणे, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किमान ६५० वॉटचा हवा, आणि या सगळ्यापेक्षा रायझन ५ ५६००जी घेतला तर कार्डाचीही गरज उरत नाही. शेवटी आपण विचारले आहे की, १२१००एफ आधीच घेऊन बसलेल्याने काय करावे. त्याचे उत्तर इतर मुद्द्यांवर अवलंबून असल्यामुळे ते शेवटीच देतो.

प्रोसेसरच्या मुद्द्यावर माझे मत कायम आहे. खेळापुरता विचार केला तर आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे, कारण दोन्ही प्रोसेसरांत ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत आणि खेळाच्या वेगात फरक जाणवणार नाही. परंतु यादी ज्या कुटुंबासाठी होती, तिथे मुलगा खेळायला बसण्याची वेळ आणि बाकीच्यांची टीव्हीसमोर बसण्याची वेळ एकच आहे, म्हणजे रात्री जेवणानंतरची. सर्व्हरवरची फाइल टीव्हीला जशीच्या तशी चालवता आली, तर सर्व्हरला फाइल वाचून पाठवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. ती चालवता आली नाही, तर प्रत्येक चित्रचौकट उलगडून पुन्हा नव्याने एन्कोड करावी, म्हणजे दुसऱ्या स्वरूपात बांधावी लागते (यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात), आणि हे काम कोणाच्या माथी मारायचे हा खरा प्रश्न आहे. १२१०० मधील यूएचडी ७३० ग्राफिक्सला क्विक सिंक नावाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तो एच.२६४ व एचईव्हीसी हे व्हिडिओ बांधण्याचे दोन्ही प्रकार अत्यल्प विजेत हाताळतो. परिणामी कार्ड पूर्णपणे खेळासाठी आणि प्रोसेसरचे कोअरही बहुतांशी खेळासाठीच मोकळे राहतात.

आरएक्स ६६०० मध्येही एन्कोडर आहे, हा आपला प्रतिवाद बरोबर आहे. मात्र ज्या जेलिफिन या मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर ही मांडणी उभी आहे, त्याच्याच मार्गदर्शिकेत एएमडीपेक्षा इंटेल किंवा एन्व्हिडियाच्या हार्डवेअरला पसंती दिलेली आहे. शिवाय एचडीआर (उजेड आणि रंगांचा पल्ला मोठा असलेले) चित्रपट साध्या टीव्हीसाठी उतरवताना रंगांचे जे रूपांतर करावे लागते, ते कार्डाच्या शेडरवर, म्हणजे खेळाची चित्रे रंगवणाऱ्या भागावरच होते आणि त्याचा थेट फटका त्याच वेळी चाललेल्या खेळाला बसतो. कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, हेही इथे सांगितले पाहिजे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ हा किंवा तशा अर्थाचा पर्याय चालू केला नाही, तर १२१०० घेऊनही तो १२१००एफसारखाच वागेल आणि आपला आक्षेप खरा ठरेल.

“आजकालच्या टीव्हीवर सगळे चालते, ट्रान्सकोडिंगची वेळच येत नाही,” असे आपण लिहिले आहे. चित्र आणि आवाजापुरते ते बरेचसे खरे आहे, पण घोडे अडते ते सबटायटलांपाशी. ब्लू-रेवरून घेतलेल्या फाइलमध्ये सबटायटल अक्षररूपात नसून चित्ररूपात असतात आणि पुष्कळ टीव्ही ती स्वतः दाखवू शकत नाहीत. तेव्हा सर्व्हर ती चित्रावर कायमची छापून पाठवतो, म्हणजेच संपूर्ण चित्रपट नव्याने एन्कोड करतो. फाइल तीच, टीव्ही तोच, पण कोणीतरी रिमोटवरून सबटायटल चालू केले की जेलिफिनच्या डॅशबोर्डवरची ‘डायरेक्ट प्ले’ ही नोंद क्षणात ‘ट्रान्सकोडिंग’ होते. देवनागरी सबटायटलांची आणखी एक तऱ्हा आहे. ती एसआरटी या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असली, तरी काही टीव्हींच्या प्लेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात किंवा नुसते चौकोन दिसतात. अशा वेळी सर्व्हरवर योग्य फॉन्ट ठेवून ती चित्रावर छापून घेणे हाच व्यवहार्य उपाय उरतो. मराठी घरासाठी यंत्र निवडताना ही गोष्ट किरकोळ समजता येत नाही.

आता वेगळ्या मिनी पीसीचा मुद्दा. आपल्या प्रतिक्रियेतला हा सर्वांत सबळ आक्षेप आहे. एक वॉटचे उपकरण वर्षभर अहोरात्र चालले की ८.७६ युनिट वीज लागते. आपण ज्या यंत्राविषयी बोलत आहोत, ते निवांत असताना साधारण ४५ वॉट घेते असे धरले, तर अखंड चालवल्यास वर्षाला ३९४ युनिट होतात. बेस्टचे ग्राहक असा की अदानीचे, मुंबईत दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि ही जादा युनिटे बिलाच्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून सर्व्हर खरोखरच २४ तास लागणार असेल, म्हणजे परगावी शिकणाऱ्या मुलीला किंवा गावच्या घरी असलेल्या आईवडिलांना कधीही काहीही पाहता यायला हवे असेल, तर माझेही मत आपल्याच बाजूने पडेल.

परंतु ज्यांच्यासाठी यादी होती, त्यांच्या घरी दुपारी चारपर्यंत कोणीच नसते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून यंत्र संध्याकाळी जागे केले, मध्यरात्रीपर्यंत त्याला झोपू दिले नाही आणि नंतर स्लीपमध्ये घातले, तर रोज ८ तासांचे वर्षाला सुमारे १३१ युनिट होतात. १२ वॉटचा मिनी पीसी अहोरात्र चालवला तरी १०५ युनिट लागतात, आणि त्या छोट्या डब्यात ३.५ इंची डिस्क मावत नसल्यामुळे ती बाहेरून तिच्या वेगळ्या अॅडॅप्टरसह जोडावी लागते, तिचे पाच-सहा वॉट निराळेच. वीजबिलातली बचत अशी विरून गेल्यावर मिनी पीसीची किंमत कोणत्या भागातून काढायची? ती ग्राफिक्स कार्डातूनच काढावी लागेल, आणि मग गेमिंग पीसी हे नाव कशासाठी?

एसएमपीएसबाबत मात्र मी आपल्याशी मुळीच सहमत नाही. आरएक्स ६६०० ची घोषित मर्यादा १३२ वॉट, १२१०० ची टर्बोमधली (जादा वेगातली) मर्यादा ८९ वॉट. त्यात डिस्क, पंखे आणि बोर्ड धरले तरी आकडा ३०० च्या आतच राहतो. एसएमपीएसच्या कार्यक्षमतेच्या ‘८० प्लस ब्रॉन्झ’ दर्जाची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ६५० वॉटच्या एसएमपीएसवर ४५ वॉट म्हणजे जेमतेम ७ टक्के. तिथे कार्यक्षमता किती राहील याची हमी तो शिक्का देत नाही. हे यंत्र बहुतेक वेळ निवांतच असणार, त्यामुळे चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचाच घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात कॅबिनेटसोबत फुकटात मिळणारा एसएमपीएस दुकानदाराकडेच ठेवून यावा.

रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर वाईट नाही, ६ कोअरचा आहे आणि साधे ऑनलाइन खेळ त्यावर १०८० पिक्सेलवर चालतात. तरी त्याच्या वेगा ग्राफिक्सला एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार हार्डवेअरवर उलगडता येत नाही, त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) अंगभूत ग्राफिक्स नसलेल्या ५६०० च्या ३२ एमबीच्या तुलनेत १६ एमबीच आहे, आणि तो पीसीआयई या कार्ड जोडण्याच्या मार्गाच्या ३.० या जुन्या आवृत्तीवरच थांबतो, त्यामुळे पुढेमागे आरएक्स ६५०० एक्सटीसारखे त्या मार्गाच्या चारच लेन (वाटा) वापरणारे कार्ड लावल्यास त्याचा आणखी कोंडमारा होतो. “आत्ता भागवू, कार्ड पुढे बघू” ही योजना त्या प्रोसेसरवर सर्वांत महाग पडते.

वापरलेल्या डिस्कविषयी आपण लिहिलेले मला पटले. चित्रपटांपुरती जुनी डिस्क चालेल. कुटुंबाचे फोटो तिच्यावर ठेवायचे असतील, तर त्यांची दुसरी प्रत अन्यत्र हवीच. नवी घेताना ती सीएमआर आहे की एसएमआर (नोंदींचे पट्टे एकमेकांवर चढवणारी, म्हणून लिहिताना मंद पडणारी) हे पाहावे. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले, तेव्हापासून वेष्टनावरच्या नावावर विसंबण्याऐवजी मॉडेल क्रमांक तपासणे शहाणपणाचे झाले आहे.

राहिला आपला १२१००एफ. तो विकून १२१०० घेण्याच्या भानगडीत पडू नका, कारण घट सोसून वाचणारे काहीच नाही. खेळ चालू नसताना त्याचे ४ कोअर १०८० पिक्सेलचा एखादा प्रवाह सॉफ्टवेअरनेही सहज सांभाळतात. खेळ आणि टीव्ही एकाच वेळी चालणार असतील, तर जेलिफिनमध्ये कार्डाचा एएमएफ हा एएमडीचा एन्कोडर चालू करा, एचडीआरऐवजी साध्या रंगांच्या फाइल ठेवा आणि चित्ररूप सबटायटलांच्या जागी एसआरटी फाइल जोडा. एवढे करूनही खेळ अडखळू लागला, तर टीव्हीला एखादी बरी स्ट्रीमिंग स्टिक लावून पाहा. एचईव्हीसी आणि सबटायटल तिने स्वतःच हाताळली, तर सर्व्हरवर ट्रान्सकोडिंगची वेळ क्वचितच येईल.